भिडू निवडताना

जुलै २०२४ मधली गोष्ट. पदव्युत्तर वर्गाच्या अनुवादाच्या तासाला आम्ही एका इंग्रजी वृत्तपत्रातला उतारा दिला होता. डोनाल्ड ट्रम्प यांनी जे. डी. व्हान्स यांची 'रनिंग मेट' म्हणून निवड केल्याची ती बातमी होती. एका विद्यार्थिनीने या शब्दाचे भाषांतर 'धावता सोबती' असे केले. वर्ग हसला, आम्हीही हसलो, आणि फळ्यावर 'उपाध्यक्षपदाचे उमेदवार' असे निर्धोक वृत्तपत्री भाषांतर लिहून पुढच्या वाक्याकडे वळलो.

तास संपल्यावर चहा घेताना जाणवले की, हसण्यात आमची चूक झाली होती. (आम्ही दोघे एकाच विभागात बरीच वर्षे मराठी शिकवतो. हा लेखही दोघांनी मिळून लिहिला आहे.) तो शब्द मूळचा घोड्यांच्या शर्यतीतला. एकाच मालकाचे दोन घोडे मैदानात उतरत, त्यांतल्या एकाने वेग राखून द्यायचा आणि दुसऱ्याने जिंकायचे. त्या पहिल्या घोड्याला हे नाव होते. 'उपाध्यक्षपदाचे उमेदवार' या भाषांतरात पद कळते. दोन माणसांमधले नाते कळत नाही. विद्यार्थिनीच्या 'धावता सोबती'मध्ये ते नाते निदान ओझरते तरी दिसत होते.

मराठीत या नात्याला जवळचा शब्द आहे 'भिडू'. लहानपणी आमच्या गल्लीत दोन म्होरके समोरासमोर उभे राहत आणि आळीपाळीने भिडू घेत. कोण पळण्यात चपळ, कोण अंगाने दांडगा, कोणाला घेतले की त्याचा थोरला भाऊ आपल्याकडून भांडायला येईल, असा सगळा हिशेब त्या दोन-तीन मिनिटांत होई. शेवटी एखादे लहान मूल उरे. त्याला खेळात घेत, पण ते बाद झाले तरी धरत नसत. ते 'कच्चं लिंबू'. अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाचा इतिहास वाचताना आम्हाला वारंवार या शब्दाची आठवण होते. फरक एवढाच की, अमेरिकेच्या खेळात हे कच्चे लिंबू एखाद्या सकाळी अकस्मात म्होरक्या होऊन बसते.

राज्यघटनेने उपाध्यक्षाला नेमून दिलेले नित्याचे काम म्हणजे सिनेटचे अध्यक्षस्थान भूषवणे आणि समसमान मते पडल्यास निर्णायक मत देणे. पहिले उपाध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी आपल्या पत्नीला लिहिलेल्या पत्रात या पदाइतके क्षुल्लक पद माणसाच्या कल्पनेने आजवर निर्माण केलेले नाही, अशा आशयाची खंत व्यक्त केली होती. तरीही आजवर नऊ उपाध्यक्ष मुदतीच्या मध्येच अध्यक्ष झाले आहेत. आठ जण अध्यक्षाच्या मृत्यूमुळे आणि एक राजीनाम्यामुळे. तेव्हा भिडू निवडताना दोन प्रश्न एकाच वेळी सोडवायचे असतात. येत्या तीन महिन्यांत कोण उपयोगी पडेल, हा पहिला. आणि आपण नसताना आपल्या जागी कोण शोभेल, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला मतदानाची तारीख असते, दुसऱ्याला तारीख नसते. त्यामुळे बहुतेक वेळा पहिलाच सोडवला जातो.

आरंभी या पदासाठी जोडीदार निवडण्याची पद्धतच नव्हती. ज्याला दुसऱ्या क्रमांकाची मते तो उपाध्यक्ष, असा नियम होता. त्यामुळे १७९६ साली ॲडम्स अध्यक्ष झाले आणि त्यांचे प्रतिस्पर्धी जेफरसन उपाध्यक्ष. १८०० साली एकाच पक्षाच्या जेफरसन आणि ॲरन बर या दोघांना प्रत्येकी ७३ निर्वाचक मते पडली, आणि प्रतिनिधिगृहात छत्तीस फेऱ्या झाल्यावर जेफरसन निवडून आले. त्यानंतर १८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने दोन्ही पदांसाठी मते वेगळी केली. मात्र पुढे सुमारे सव्वाशे वर्षे जोडीदार ठरवण्यात उमेदवारापेक्षा पक्षाच्या पुढाऱ्यांचा हात मोठा होता. १९४० साली फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी 'हेन्री वॉलेस नसतील तर मीही नाही' असा पवित्रा घेतला, आणि निवडीचा हक्क हळूहळू उमेदवाराकडे आला.

त्याच वॉलेस यांचे चार वर्षांनी काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. १९४४ साली रूझवेल्ट यांची प्रकृती ढासळली होती. हृदयविकाराचे निदान झालेले होते, पण जनतेला ते ठाऊक नव्हते. पक्षाच्या धुरीणांना मात्र हे चौथ्या खेपेचे अध्यक्ष मुदत पुरी करतील असे वाटत नव्हते, आणि वॉलेस त्यांना नको होते. रूझवेल्ट यांनी दोन पत्रे दिली. एका पत्रात, आपण अधिवेशनात प्रतिनिधी असतो तर वॉलेस यांनाच मत दिले असते, असे म्हटले होते. दुसऱ्या पत्रात, हॅरी ट्रूमन किंवा विल्यम डग्लस यांच्याबरोबर निवडणूक लढवायला आपल्याला आनंद वाटेल, असे होते. पहिले पत्र आपुलकीचे आणि दुसरे कामाचे. ट्रूमन निवडले गेले. उपाध्यक्षपदावर ८२ दिवस काढल्यानंतर १२ एप्रिल १९४५ रोजी ते अध्यक्ष झाले. अणुबाँबच्या योजनेची तपशीलवार माहिती त्यांना त्यानंतर जवळजवळ दोन आठवड्यांनी मिळाली.

१९६० साली केनेडी यांनी लिंडन जॉन्सन यांना घेतले ते मुख्यतः टेक्सास आणि दक्षिणेतली राज्ये हाती राहावीत म्हणून. केनेडी यांना ॲडिसनचा विकार होता. तोही प्रचारात नाकारण्यात आला. तीन वर्षांनी त्यांची हत्या झाली, जॉन्सन अध्यक्ष झाले, १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा त्यांनी मंजूर करून घेतला आणि व्हिएतनामचे युद्धही त्यांनीच कितीतरी पटींनी वाढवले. एका राज्याच्या मतांसाठी घेतलेला भिडू अशा रीतीने एका पिढीचे भवितव्य ठरवून गेला.

त्याच युद्धाला विरोध करत १९७२ साली जॉर्ज मॅकगव्हर्न उभे राहिले. त्यांच्याविषयी आम्हाला विशेष आपलेपणा वाटतो, कारण ते मूळचे आमच्याच पेशातले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी बाँबफेकी विमान चालवले होते. परतल्यावर इतिहासात डॉक्टरेट मिळवली आणि साउथ डकोटातल्या एका छोट्या महाविद्यालयात शिकवले. सरळ, सभ्य आणि तत्त्वाला धरून राहणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती. म्हणूनच पुढे जे घडले ते वाचताना मन अधिक अस्वस्थ होते.

मायामी बीचच्या अधिवेशनात कॅलिफोर्नियाच्या प्रतिनिधींवरून अखेरपर्यंत वाद चालला होता. उमेदवारी मिळेपर्यंत जोडीदाराचा नीट विचार करायला कोणाला सवड झाली नाही. १३ जुलैच्या दुपारपर्यंत नाव द्यायचे होते. टेड केनेडी नाही म्हणाले. वॉल्टर माँडेल यांनीही नकार दिला. बोस्टनचे महापौर केव्हिन व्हाइट जवळजवळ ठरले होते, पण त्यांच्याच राज्यातून विरोध झाला. आणखी एक-दोन जणांनी मान हलवली. शेवटी घड्याळाकडे बघत मिसूरीचे सिनेटर टॉमस इगल्टन यांना फोन लावला गेला. वय ४२, कॅथलिक, शहरी मतदारसंघाचा परिचय, कामगार संघटनांशी सलोखा. मॅकगव्हर्न यांच्याकडे जे जे नव्हते ते सारे या गृहस्थांकडे होते. ते तत्काळ हो म्हणाले. पुढे अडचण होईल असे मागे काही आहे का, असे मॅकगव्हर्न यांच्या सहायकाने विचारले. इगल्टन म्हणाले, नाही.

१९६० ते १९६६ या काळात इगल्टन नैराश्याच्या विकाराने तीन वेळा रुग्णालयात दाखल झाले होते, आणि त्यांतल्या दोन वेळा त्यांच्यावर विजेच्या झटक्यांचे उपचार झाले होते. निनावी फोनवरून ही बातमी फुटू लागली, तेव्हा २५ जुलै रोजी साउथ डकोटाच्या डोंगरांत मॅकगव्हर्न यांच्या शेजारी उभे राहून इगल्टन यांनी वार्ताहरांना सर्व सांगितले. मॅकगव्हर्न यांनी आपण त्यांच्या पाठीशी 'हजार टक्के' असल्याचे जाहीर केले. मग देणगीदार कुरकुरले, वृत्तपत्रांच्या अग्रलेखांनी इगल्टन यांनी बाजूला व्हावे असे सुचवले, आणि एका स्तंभलेखकाने मद्यपान करून मोटार चालवल्याचा खोटा आरोपही केला, जो त्याला नंतर मागे घ्यावा लागला. ३१ जुलै रोजी, म्हणजे निवडीनंतर अठराव्या दिवशी, इगल्टन उमेदवार राहिले नाहीत. त्यांच्या जागी सार्जंट श्रायव्हर आले. नोव्हेंबरात निक्सन यांनी ४९ राज्ये जिंकली.

ही हकिगत आम्हाला पहिल्यापासून ठाऊक नव्हती. ती आमच्या वाचनात आली तेव्हा आम्ही दोघे काही वेळ एकमेकांकडे न बघता बसलो होतो. त्याचे कारण सांगणे आता भाग आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या विभागाने दोन दिवसांचे राज्यस्तरीय चर्चासत्र भरवले होते. स्थळ, साल आणि विषय मुद्दाम सांगत नाही. ज्यांच्याविषयी लिहितो आहोत त्यांची ओळख पटू नये, एवढाच हेतू आहे. समन्वयक आमच्यापैकी एक. सहसमन्वयकाचे नाव ठरायचे राहिले होते, आणि निमंत्रणपत्रिका त्याच दुपारी छापखान्यात द्यायची होती. दोन ज्येष्ठांनी नकार दिला. मग व्हरांड्यातून जाणाऱ्या एका तरुण सहकाऱ्याला आम्ही थांबवले. सूत्रसंचालन उत्तम, विद्यार्थ्यांत प्रिय, शिवाय आम्हाला न जमणारी सगळी संगणकाची कामे त्यांना येत. "सर, तुमचं नाव टाकतो बरं का," असे आम्ही म्हणालो. ते हसून "टाका की," म्हणाले. मॅकगव्हर्न यांच्या माणसांनी निदान एक प्रश्न तरी विचारला होता.

चर्चासत्राला दोन आठवडे असताना कोणीतरी आमच्या कानावर घातले की, हे गृहस्थ पूर्वी मानसोपचार घेत होते आणि काही दिवस रुग्णालयातही होते. आम्ही त्यांना बोलावले. त्यांनी काही लपवले नाही. औषध चालू आहे, प्रकृती बरी आहे, काम नीट पार पाडीन, असे ते म्हणाले. आम्ही त्यांना म्हणालो, "सर, आम्ही शंभर टक्के तुमच्या पाठीशी आहोत." हे वाक्य उच्चारताना आम्ही खोटे बोलत नव्हतो. पण एक गोष्ट आज लक्षात येते. कोणी पाठीशी आहे की नाही, अशी शंका त्यांनी बोलून दाखवलीच नव्हती. ती शंका आमच्या मनात होती आणि टक्केवारीने आम्ही आमचीच समजूत घालत होतो.

पुढच्या आठ दिवसांत वरून विचारणा झाली, एका प्रायोजकाचा निरोप आला, आणि "ऐन वेळी त्यांना ताण झाला तर?" हा प्रश्न सर्वांच्या तोंडी झाला. आम्ही पुन्हा त्यांच्याकडे गेलो आणि हे सारे त्यांच्याच भल्यासाठी आहे, असे समजावले. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तुम्हाला काढायचं असेल तर नाव काढा, सर. माझ्या भल्यासाठी म्हणून काढू नका." आम्ही नाव काढले. पत्रिका छापून झाल्या होत्या, म्हणून नव्या नावाच्या कागदी पट्ट्या कापून विद्यार्थ्यांकडून त्या जुन्या नावावर डिंकाने चिकटवून घेतल्या.

इथे इगल्टन यांच्याविरुद्धचा युक्तिवाद दडपणे योग्य होणार नाही. अण्वस्त्रांचा निर्णय ज्याच्या हाती जाऊ शकतो, त्याच्या प्रकृतीविषयी विचारण्याचा अधिकार जनतेला नक्कीच आहे. इगल्टन यांना थेट विचारले गेले होते आणि त्यांनी सांगितले नाही, हेही खरेच. आजार म्हणजे लपवण्याजोगे दुष्कृत्य नव्हे, म्हणून तो 'अडचण' या सदरात येत नाही असे त्यांना वाटले असेल, तर ते माणूस म्हणून समजण्यासारखे असले तरी उमेदवार म्हणून अपुरे होते. मॅकगव्हर्न यांनी पहिल्याच दिवशी 'आपण मला सांगायला हवे होते, म्हणून हे शक्य नाही' असे स्पष्ट म्हटले असते, तर त्या निर्णयाला एक कठोर पण सरळ नैतिकता लाभली असती. शेवटपर्यंत पाठीशी उभे राहिले असते तर वेगळी नैतिकता लाभली असती. त्यांनी दोन्ही केले नाही. आधी हजार टक्के दिले आणि मग ते एकेक करून परत घेतले.

आणि अशा छाननीतून सुरक्षित म्हणून जो निवडला जातो, तो खरोखर सुरक्षित असतो काय? त्याच १९७२ साली विजयी झालेले उपाध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांच्याविषयी मानसिक आजाराचा प्रश्न कोणी काढला नाही. ते मेरीलँडमध्ये गव्हर्नर असल्यापासून कंत्राटदारांकडून पैसे घेत असल्याचे तपासात उघड झाले, आणि करचुकवेगिरीचा आरोप न लढता त्यांनी ऑक्टोबर १९७३ मध्ये राजीनामा दिला. ऑगस्ट १९७४ मध्ये निक्सनही गेले. इगल्टन मात्र सिनेटमध्येच राहिले. कंबोडियावरील बाँबफेकीचा पैसा तोडणारी दुरुस्ती १९७३ साली त्यांनीच मांडली. मिसूरीच्या मतदारांनी त्यांना १९७४ आणि १९८० साली पुन्हा निवडून दिले, आणि १९८७ च्या आरंभी ते स्वेच्छेने निवृत्त झाले. २००७ साली त्यांचे निधन झाले. सेंट लुइसमधल्या संघीय न्यायालयाच्या इमारतीला त्यांचे नाव आहे.

मॅकगव्हर्न यांच्या आयुष्यातही या विषयाचे एक दुःखद उत्तरायण आहे. त्यांची मुलगी टेरी मद्यासक्ती आणि नैराश्य यांच्याशी वर्षानुवर्षे झुंजली आणि डिसेंबर १९९४ मध्ये थंडीत गोठून मरण पावली. तिच्यावर त्यांनी १९९६ साली पुस्तक लिहिले. या घटनेला १९७२ ची शिक्षा मानण्याचा क्रूरपणा आम्ही करणार नाही. एवढेच म्हणतो की, ज्या आजाराकडे एका उन्हाळ्यात त्यांना निवडणुकीतली अडचण म्हणून पाहावे लागले, तो आजार त्यांच्या घरातही आला, आणि तिथे भिडू बदलण्याची सोय नव्हती.

१९७२ नंतर अमेरिकेतली निवडीची पद्धत बदलली. १९७६ साली जिमी कार्टर यांनी वेळ घेऊन एकेकाशी सविस्तर बोलून माँडेल यांना निवडले. आता वकिलांच्या फौजा बसतात, लांबलचक प्रश्नावल्या भरून घेतात, करविवरणे तपासतात. तरीही २००८ साली जॉन मॅकेन यांनी सेरा पेलिन यांना घाईत निवडले, आणि आपल्याला जवळचे वाटणारे जो लिबरमन यांना घेतले नाही याची खंत अखेरच्या पुस्तकात नोंदवली. २०२० साली जो बायडन यांनी निवडलेल्या कमला हॅरिस यांच्याकडे जुलै २०२४ मध्ये अचानक संपूर्ण डाव आला आणि त्यांना दोन आठवड्यांत स्वतःचा भिडू शोधावा लागला. त्यांनी टिम वॉल्झ यांना घेतले. प्रश्नावली उमेदवाराविषयी सर्व काही सांगू शकते. निवडणाऱ्याविषयी मात्र ती काहीच सांगत नाही. प्रतिकूल बातमी आल्यावर हा माणूस किती दिवस टिकेल, असा रकाना त्यात निवडणाऱ्यासाठी नसतो.

आमचे ते सहकारी पुढे दुसऱ्या महाविद्यालयात गेले आणि आज तिथे विभागप्रमुख आहेत. चर्चासत्राच्या त्या दोन दिवसांत ते तिसऱ्या रांगेत बसले होते. दुसऱ्या दिवशी ध्वनिक्षेपक बिघडला तेव्हा उठून त्यांनीच तो सुरू करून दिला. त्या निमंत्रणपत्रिकेची एक प्रत आमच्या टेबलाच्या खणात अजून आहे. उजेडाकडे धरली की पट्टीखालचे नाव वाचता येते. 'मॅकगव्हर्न-इगल्टन' असे छापलेले बिल्लेही अमेरिकेतल्या संग्राहकांकडे आजवर आहेत म्हणतात.

हा लेख देण्यापूर्वी आम्ही तो त्यांना वाचायला पाठवला. नको म्हणाले असते तर इथे आला नसता. त्यांनी हरकत घेतली नाही. मात्र मराठीचे प्राध्यापक म्हणून एक दुरुस्ती सुचवली. पट्ट्यांच्या परिच्छेदात आम्ही मुळात 'शेवटी त्यांचे नाव काढावे लागले' असे लिहिले होते. त्यांनी 'काढावे लागले' खाली रेघ मारून समासात विचारले होते : "कर्ता कोण?"

इगल्टन यांच्याविषयी इतिहासाच्या पुस्तकांत 'त्यांनी माघार घेतली' असे लिहिलेले आढळते. तिथेही कर्त्याच्या जागी चुकीचा माणूस उभा आहे. आम्ही आमच्यापुरती दुरुस्ती केली आहे. वाचकांनी वर वाचले ते वाक्य आता 'आम्ही नाव काढले' असे आहे.